जोडपं म्हणून बुकिंग करून देणारी ट्रॅव्हल सर्व्हिस
मी आणि माझा पार्टनर दोघंही पुरुष, त्यामुळे हॉटेलात "बेड वेगवेगळे ना?" हे ठरलेलंच, पण यांनी फॉर्ममध्येच जोडपं म्हणून नोंद केली आणि विषय संपला. सगळ्यात भारी म्हणजे कायद्याची माहिती, तैवानमध्ये 2019 पासून समलिंगी लग्न चालतं, थायलंडमध्ये जानेवारी 2025 पासून, सिंगापूरने 2022 मध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377अ रद्द केलं खरं पण लग्नाला मान्यता नाहीच, हे सगळं आधीच सांगितलं. कायदा असला तरी लोक टकामका बघतात तेही स्पष्ट बोलले, उगाच गोडगोड नाही. इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये मात्र नातं म्हणून "मित्र" टाकावं लागलं, ते बदला राव. चार स्टार.