पेटीवर काम घेतलं, 5,45,000 बुडाले. नगरपरिषदेच्या कामाला हात लावण्याआधी हे वाचा

लायसन एका मजूर संस्थेचं, टेंडर भरणारा दुसराच, आणि घाम अन् उधारी तिसऱ्याची. पेटीवर काम घेणं, म्हणजे पोटठेकेदारी, ती हीच. तिसरा मी.

गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायचं काम. ब्लॉक तो टेंडर भरणारा पुरवणार. क्रश सँड, कॉम्पॅक्टर, मजुरी माझी. उक्तं ठरलं 7,20,000. हातात पडले 1,75,000. बाकी 5,45,000. त्यातले 1,38,000 मजुरांचे होते, ते मी घरातलं सोनं गहाण ठेवून दिले. मजूर दारात येतात ते माझ्या, त्याच्या नाही.

डोकं फिरतं ते एका गोष्टीने. काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी कार्यारंभ आदेश, म्हणजे काम सुरू करायची लेखी वर्क ऑर्डर, मागितला होता. मागितला होता, हे लक्षात घ्या. डोळे झाकून कामाला लागलो नव्हतो. त्याने मोबाईल पुढे केला. वर नगरपरिषदेचं नाव, खाली मुख्याधिकाऱ्यांची सही. पण ‘जा. क्र.’च्या पुढे कोरं. आणि एजन्सी म्हणून त्या मजूर संस्थेचं नाव. विचारलं तर म्हणाला, “संस्था आपलीच आहे रे, नाव कुणाचं का असेना. जावक नंबर उद्या पडतो.” तिथेच उठायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपरिषदेचा कनिष्ठ अभियंता स्वतः येऊन लेव्हल दाखवून गेला, नारळ फुटला, फोटो निघाले. सरकारी माणूस समोर उभा असताना कागदावर संशय कोण घेतो? तुम्ही घेतला असता?

फोटोवर विश्वास ठेवू नका. बांधकाम विभागात जा, जावक रजिस्टर बघा. आणि तुमच्या नावाचा करार 500 च्या स्टॅम्पवर झाल्याशिवाय एक घमेलंही उचलू नका.

मापं घ्यायला अभियंता आला तेव्हा टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं. मोटारसायकलच्या सीटवर वही ठेवून तो आकडे लिहीत होता आणि मी खूश, की चला, आपलं बिल होतंय. पुढे माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळाली. एकाच गल्लीची दोन कामं: एक 9,87,650 चं, दुसरं 9,64,200 चं. दोन्ही 10 लाखांच्या आत, म्हणजे ई-टेंडरची कटकट नको. एकूण 19,51,850, आणि मार्चअखेरीला पूर्ण रक्कम अदा. पुस्तिकेत 80 मिमीचे ब्लॉक आणि खाली खडीचा थर. मला आणून दिलेले ब्लॉक 60 मिमीचे होते आणि खडीचा एक ट्रॅक्टरही त्या गल्लीत आला नाही. म्हणजे मला बुडवलं ते वेगळं, घरपट्टी भरणाऱ्यांना बुडवलं ते वेगळं.

मधल्या काळात त्या टेंडरवाल्याने 2,00,000 चा चेक दिला. “आज नको टाकू, बिल निघालं की टाक.” असं करत तीन महिने उलटले आणि चेकची मुदतच संपली. वेळेत टाकला असता आणि परत आला असता, तर 30 दिवसांत नोटीस देऊन चेक न वटल्याचं कलम 138 लावता आलं असतं. ‘नंतर टाक’ म्हणणाऱ्याचा चेक तारखेलाच बँकेत टाका.

आता साहेब लोक. मुख्याधिकारी म्हणाले, “आदेश तुमच्या नावाने आहे का? मग आमचा तुमचा संबंध काय?” अहो, संबंध नव्हता तर तुमचा अभियंता मला लेव्हल कशाला दाखवत होता? पोलीस ठाण्यात कलम 318, म्हणजे जुनं 420, लावा म्हटलं, तर ठाणे अंमलदार अर्जाकडे न बघताच म्हणाला, “दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.” जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत तक्रार दिली. तिथून ती ‘नियमानुसार उचित कार्यवाहीस्तव’ शेरा मारून कुणाकडे गेली असेल? त्याच मुख्याधिकाऱ्यांकडे! ज्याच्या सहीने पैसे गेले, त्यानेच चौकशी करायची. माहिती अर्जाला 30 दिवसांत उत्तर हवं, ते आलं नाही. प्रथम अपील केलं तर अपिलीय अधिकारी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. पुस्तिकेची प्रत कशीबशी मिळाली, पण देयकाची आणि चाचणी अहवालाची प्रत ‘आढळून येत नाही’. लाखोंचं बिल पास झालं आणि कागद आढळत नाही! ‘आढळत नाही’ असं लेखी घ्या, तोंडी ऐकून परत येऊ नका. दुसरं अपील 90 दिवसांच्या आत. माझं माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे पडून आहे.

वसुलीचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. ‘देतो, देतो’मध्ये ती घालवू नका. हजेरीपट, डिझेलच्या पावत्या, साइटचे तारखेसह फोटो जपून ठेवा. वकिलाने पहिल्यांदा तेच मागितले.

पावसात गल्ली तीन ठिकाणी खचली. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, चालू असल्याने नगरपरिषदेने संस्थेला नोटीस काढली, आणि त्या टेंडरवाल्याचा फोन मला: “तेवढं उचलून परत बसवून दे, नाहीतर तुझे राहिलेले पण अडकतील.” फोन ठेवला आणि नगरपरिषदेत लेखी हरकत दिली, की माझ्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत या दोन कामांची सुरक्षा ठेव सोडू नये. आवक शिक्का मारायला कारकून तयार नव्हता. शिक्का पडेपर्यंत टेबलासमोरून हललो नाही.