आईचा जन्मदाखला नाही: नवी नोंद करायची की ‘नोंद आढळत नाही’ चा दाखला घ्यायचा?

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालेल्या मुलाने आईसाठी आय-130, म्हणजे जवळच्या नातेवाइकाला ग्रीनकार्डवर बोलावण्याचा अर्ज, भरायचं ठरवलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो तिच्या जन्मदाखल्याचा. आई 1954 ची, जन्म साताऱ्याकडच्या एखाद्या खेड्यात, आजोळी, सुईणीच्या हातचा. दाखला असणार कुठून? मग दोन सल्ले येतात. गावाकडचा ओळखीचा माणूस म्हणतो, तहसीलमधून नवी नोंद करून घेऊ, आठवड्यात काम. अमेरिकेतले, न्यू जर्सीच्या एडिसनमधले शेजारी म्हणतात, नोंद नसल्याचा दाखला घे, दोन प्रतिज्ञापत्रं जोड. दोन्ही मार्ग कायद्यात बसतात. माझा कौल मात्र आईच्या पिढीसाठी बहुतेक वेळा दुसऱ्या मार्गाला आहे.

त्याआधी कोणाचा दाखला केव्हा लागतो ते पाहा, कारण निम्मी धावपळ चुकीच्या कागदामागे होते. आय-130 मध्ये नातं सिद्ध करायचं असतं आणि आईशी असलेलं नातं सिद्ध होतं मुलाच्या जन्मदाखल्यावरून. त्यावर त्याचं आणि आईचं नाव हवं. वडिलांसाठी अर्ज असेल तर आईवडिलांच्या लग्नाचा पुरावाही लागतो. आईचा स्वतःचा दाखला येतो पुढे, व्हिसाच्या टप्प्यावर. भावाबहिणीसाठी अर्ज असेल तर दोघांचेही दाखले हवेत आणि दोन्हींवर निदान एक पालक सामाईक दिसला पाहिजे. तिथे कागद शोधायला वेळ भरपूर असतो म्हणा. भारतीय भावाबहिणींच्या व्हिसाची रांग 2025 मध्येही 2006 च्या अर्जांपाशी रेंगाळत होती.

मुलाच्या दाखल्याची अडचण बहुधा सोपी असते. जन्म शहरातल्या दवाखान्यात, नोंद वेळेवर, पण बाळाच्या नावाचा रकाना रिकामा. ही नोंद अस्सल आहे, तिला सोडून नवी करायला जाऊ नका. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 14 खाली नाव दाखल करून घ्या, स्पेलिंग चुकलं असेल तर कलम 15 खाली दुरुस्ती. मूळ नोंदीची तारीख जुनीच राहते, आणि खरी किंमत त्या तारखेलाच आहे.

आता आईकडे वळू. हा कायदा महाराष्ट्रात लागू झाला 1 एप्रिल 1970 ला. त्याआधी जन्मलेल्यांचे दाखले भारतात अनेकदा मिळत नाहीत, हे अमेरिकी परराष्ट्र खात्याला ठाऊक आहे आणि पर्यायी पुरावा स्वीकारायची तयारी त्यांच्याकडे आहे. तरी आधी शोध घ्याच. आपल्याकडे गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, ही गावातल्या जन्ममृत्यूंची वही असायची आणि जुनी बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडू शकतात. नोंद मोडीत असली तर वाचणारा जाणकार शोधा, प्रमाणित नक्कल घ्या, इंग्रजी भाषांतर जोडा. अनेकदा मुलीचं नावच नसतं, फक्त बापाचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच असतं. तरी तो त्या काळचा सरकारी कागद आहे. (गोव्याचे लोक इथे सुदैवी. पोर्तुगीज काळातच नागरी नोंदणी असल्याने त्यांच्या आजीचाही दाखला निघू शकतो.)

कोतवाल बुकातही काही नाही, तर तुलना सुरू होते.

नोंद नसल्याचा दाखला जन्मगावचा निबंधक देतो, नमुना 10 मध्ये, कलम 17 खाली. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक (2024 पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी). सरपंचांच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे हा दाखला नव्हे. त्याच्याबरोबर दुय्यम पुरावा हवा: शाळा सोडल्याचा दाखला, जुना पासपोर्ट, रेशनकार्ड, जितकं जुनं तितकं उत्तम. आणि प्रतिज्ञापत्रं, दोन. ती देणारी माणसं जन्माच्या वेळी हयात आणि माहीतगार असावीत, म्हणजे मोठी आत्या, मामा, थोरली चुलत बहीण. अर्जदार आणि लाभार्थी, म्हणजे इथे मुलगा आणि आई, सोडून कोणीही चालतं, नात्यातलंही. स्वतःची जन्मतारीख, पत्ता, नातं आणि हे सगळं आपल्याला कसं माहीत, हे लिहायलाच हवं. ‘मी यांना चांगला ओळखतो’ या नोटरीकडच्या ठरलेल्या वाक्याचा उपयोग नाही.

नवी, म्हणजे विलंबित नोंद होते कलम 13(3) खाली. जन्माला वर्ष उलटलं की पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. 2023 च्या दुरुस्तीनंतर ते अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आले. काम सोपं झालं आणि बोगस दाखल्यांचा बोभाटाही झाला. 2025 च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने अशा नोंदी थांबवून चौकशी लावली, मग कडक कार्यपद्धती आणली. त्यामुळे ‘आठवड्यात काम’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

दिसायला हा दाखला देखणा: सरकारी नमुना, इंग्रजी-मराठी, क्यूआर कोड. पण त्यावर नोंदणीचा दिनांकही छापलेला असतो. जन्म 1954, नोंदणी 2025! अमेरिकी अधिकारी आधी तिथेच पाहतो. त्यांच्या इमिग्रेशन अपील मंडळाने 2017 मध्ये ‘मॅटर ऑफ रेहमान’ प्रकरणात सांगितलं की उशिरा नोंदवलेला दाखला विचारात घ्यायचाच, पण बाकी सगळा पुरावा आणि परिस्थिती यांच्यासह. म्हणजे शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्रं हे सगळं पुन्हा जमवावं लागतंच. शिवाय विलंबित नोंदीसाठीही तो ‘नोंद नाही’ चा दाखला आधी काढावाच लागतो. मग आईसाठी पुढचे हेलपाटे कशाला?

त्यातला मोठा धोका तारखेचा. आपल्याकडे गुरुजींनी कित्येकांची जन्मतारीख 1 जून लावली, आणि पासपोर्टवर तीच आहे. नवी नोंद करताना आजीला आठवणारी ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी’ ही खरी तारीख घातली, की पासपोर्ट एक सांगणार आणि दाखला दुसरं. जुळवून घेण्यासाठी कागदात फेरफार केली तर प्रकरण फसवणुकीत जातं, आणि अमेरिकी कायद्यात त्याची शिक्षा आयुष्यभराची प्रवेशबंदी असू शकते.

नावाचंही तसंच. माहेरची सिंधू, सासरी तांदळात नाव लिहून सुनंदा झालेली. शाळेच्या दाखल्यावर सिंधू, मुलाच्या जन्मदाखल्यावर सुनंदा. ही चूक नव्हे, म्हणून दुरुस्तीच्या मागे लागू नका. विवाह नोंदणी असेल तर ती, लग्नपत्रिका आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

विलंबित नोंद मी कधी सुचवेन? जन्म 1970 नंतरचा, घरी झालेला, आणि माणूस अजून तरुण असेल तर. त्याला हा दाखला पुढे इतर कामांनाही लागेल. तिथे कटकट सोसावी, पण सोबत जुने कागद द्यावेतच.

भारतीय वाणिज्य दूतावासातून मिळणारा जन्मदाखला हा तिसरा पर्याय अमेरिकेत बरेच जण सुचवतात. तो पासपोर्ट पाहून लिहिलेला असतो, जन्मगावच्या नोंदवहीचा उतारा नव्हे. फाइलमध्ये असला तर हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबू नका. आणि डीएनए चाचणी आपणहून करून पाठवू नका. इतर पुरावा अपुरा वाटला तर अधिकारीच ती सुचवतो, आणि तीही एएबीबी या संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून, आपल्या खर्चाने.

वेळेचा हिशेब मुलाच्याच कागदांपासून करा. आय-130 वर पुराव्याची मागणी आली तर उत्तराला जास्तीत जास्त 84 दिवस मिळतात आणि मुदतवाढ नसते. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक भेटणं, जुनी वही सापडणं, आत्याला तालुक्याला नेऊन सही घेणं, या सगळ्याला तेवढे दिवस सहज जातात. आत्या ऐंशीच्या घरातली असेल तर तिचं प्रतिज्ञापत्र फॉर्म पाठवण्याच्याही आधी करून ठेवा.