स्फिंक्सवर प्रोग्रॅमिंग भाषेचा रेफरन्स सांभाळताना: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

एका लहान ओपन-सोर्स प्रोग्रॅमिंग भाषेचं डॉक्युमेंटेशन मी आणि इतर काही स्वयंसेवक मिळून सांभाळतो. व्याकरण, स्टँडर्ड लायब्ररीतली फंक्शन्स, एरर, कोणत्या आवृत्तीत काय बदललं, हे सगळं आधी विकीवर आणि सुट्या मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकूर मांडण्याची पद्धत) फाइलींत पसरलेलं होतं. ते आम्ही स्फिंक्सवर (साध्या मजकूर-फाइलींपासून डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणारं साधन) आणलं, त्याला आता बरेच महिने झाले आणि मधल्या काळात भाषेच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. साधन निवडताना मी वाचलेले बहुतेक अनुभव बसवण्यापाशी आणि थीमपाशी थांबत होते. मला हवं होतं ते वेगळंच: अनेक हात लागत असताना आणि भाषा स्वतः बदलत असताना रेफरन्स भरवशाचा राहतो का? आता त्याबद्दल बोलता येईल एवढा वापर झालाय.

सगळ्यात मोठी जमेची बाजू ही की स्फिंक्सला नावं कळतात. मार्कडाउनमध्ये दुवा द्यायचा तर फाइलचा पत्ता लिहावा लागतो. इथे फंक्शन एकदाच डिरेक्टिव्ह (मजकुरात लिहायची खास सूचना) वापरून जाहीर करायचं आणि पुढे जिथे लागेल तिथे नुसतं नाव घ्यायचं. दुवा आपोआप लागतो. स्ट्रिंगचं आमचं पान वाढत वाढत वाचवेनासं झालं, तेव्हा आम्ही ते तोडलं: बदल करणारी फंक्शन्स एकीकडे, शोधणारी दुसरीकडे, एन्कोडिंग तिसरीकडे. इतर पानांतल्या एकाही उल्लेखाला हात लावावा लागला नाही. विकीवर असताना या कामाला कुणी धजावत नव्हतं, म्हणूनच तर ते पान तेवढं फुगलं होतं.

ही गोष्ट स्फिंक्सच्या रक्तातच आहे, कारण त्याचा जन्मच एका भाषेच्या रेफरन्ससाठी झाला. पायथनचं डॉक्युमेंटेशन पूर्वी लाटेकमध्ये (छपाईसाठी मजकूर मांडण्याची प्रणाली) लिहिलं जायचं. गेओर्ग ब्रांडल यांनी त्यासाठी स्फिंक्स लिहिलं आणि 2008 साली आलेल्या पायथन 2.6 पासून ते सगळं रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, म्हणजे स्फिंक्सच्या मजकूर लिहिण्याच्या पद्धतीत, आलं. 2010 च्या 1.0 आवृत्तीत ‘डोमेन’ची (एका भाषेतली नावं ओळखणाऱ्या भागाची) सोय झाली, तेव्हापासून इतर भाषांनाही ते मोकळं झालं. सी, सी++, जावास्क्रिप्ट यांची डोमेन सोबतच मिळतात. तुमची भाषा त्यात नसेल तर डोमेन स्वतः लिहावं लागतं, आणि आम्ही ते लिहिलं. सिग्नेचर (फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर सांगणारी ओळ) वाचून त्याचे तुकडे करायचे, पॅरामीटर आणि परतीचा प्रकार वेगळा दाखवायचा, नावाला अँकर (पानातल्या नेमक्या जागेचा पत्ता) द्यायचा, इंडेक्समध्ये नोंद करायची, एवढंच काम असतं. पण ते पायथनमध्ये आणि स्फिंक्सच्या क्लासांची ओळख करून घेऊनच करावं लागतं. या भागाचं स्फिंक्सचं स्वतःचं मार्गदर्शन तुटपुंजं आहे. सी++ च्या डोमेनचा कोड वाचायला घेऊ नका, तो फार मोठा आहे. जावास्क्रिप्टचा वाचा, त्यातून लवकर उमजतं. कोडला रंग हवे असतील तर पिग्मेंट्ससाठी (कोड रंगवणारी लायब्ररी) लेक्सरही (कोडचे तुकडे ओळखणारा भाग) लिहावा लागतो, नाहीतर उदाहरणं काळीपांढरी राहतात.

नावं कळतात हे खरं, पण चुकलेलं नाव स्फिंक्स आपणहून सांगत नाही. फंक्शनचं नाव लिहिताना एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर दुवा लागत नाही आणि मजकूर साध्या कोडसारखा दिसत राहतो. बिल्ड (पानं तयार करण्याची प्रक्रिया) मात्र हिरवा, म्हणजे यशस्वी. यावर ‘निटपिकी’ नावाचं सेटिंग आहे, ते मुळात बंद असतं. ते चालू करा आणि प्रत्येक इशाऱ्याला एरर माना. जुन्या मजकुरावर हे लावलं की इशाऱ्यांचा पूर येतो, यात शंका नाही. आम्ही जुने सगळे इशारे सूट देण्याच्या यादीत टाकले आणि नियम केला की या यादीत नवी ओळ यायची नाही, फक्त जुनी जायची. यादी अजून संपलेली नाही, पण नव्या मजकुरात तुटका उल्लेख मर्ज होणं, म्हणजे मुख्य मजकुरात मिसळणं, पूर्ण थांबलं.

आता रीस्ट्रक्चर्डटेक्स्टबद्दल. नव्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो आणि तो त्रास मला अजूनही खटकतो. मार्कडाउनची सवय असलेला माणूस कोडला एकेरी बॅकटिक लावतो; इथे कोडला दुहेरी लागतात, एकेरीनं मजकूर तिरका होतो. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. न दिसणारी गोष्ट जास्त घातक आहे. सूचना द्यायची असेल तर दोन टिंबं, मग ‘नोट’ हा शब्द आणि पुढे दोन कोलन लिहायचे असतात. दुसरा कोलन राहिला तर स्फिंक्सच्या लेखी ती टिप्पणी ठरते आणि तिच्याखालचा सगळा परिच्छेद पानावरून गायब होतो. ना एरर, ना इशारा. आमच्याकडे एका फंक्शनखाली ‘हे एकाच वेळी अनेक थ्रेडमधून वापरू नका’ अशी ताकीद होती, ती नेमकी अशीच नाहीशी झाली होती. सोर्समध्ये वाचणाऱ्याला ती दिसत होती, म्हणून रिव्ह्यूमध्ये कुणाला शंका आली नाही. पान उघडणाऱ्याला मात्र ती कधी दिसलीच नाही. ‘स्फिंक्स-लिंट’ नावाचा लिंटर (सोर्समधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम) हे पकडतो. तो पायथनच्याच डॉक्युमेंटेशनसाठी लिहिलेल्या तपासणीतून वेगळा निघाला आहे, त्यामुळे त्यात नेमके असेच सापळे नोंदलेले आहेत. पहिल्या दिवशीच तो सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) लावा.

अँकरचंही असंच. शीर्षकाच्या शब्दांवरून अँकर आपोआप तयार होतो. पण रेफरन्समध्ये एकाच पानावर ‘एक्झाम्पल्स’ हे शीर्षक प्रत्येक फंक्शनखाली येतं. पहिल्याला शब्दांचा अँकर मिळतो, पुढच्यांना ‘आयडी1’, ‘आयडी2’ असे क्रमांक मिळतात. मध्ये एक नवं फंक्शन घातलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, आणि बाहेरून कुणी दिलेला दुवा बिनतक्रार भलत्याच उदाहरणावर जाऊन पोचतो. तुटलेला दुवा परवडला, हा नाही. उपाय सोपा आहे: ज्या शीर्षकाला बाहेरून दुवा येऊ शकतो त्याच्यावर स्वतः लेबल लिहायचं आणि ते पुन्हा बदलायचं नाही, शीर्षक बदललं तरी. पानाची जागाच बदलली तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवण्याची सोय स्फिंक्समध्ये मुळात नाही, त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन घ्यावं लागतं.

शोधाच्या बाबतीत मी नाराज आहे. भाषेचा रेफरन्स शोधणाऱ्याला पुष्कळदा शब्द माहीत नसतो, त्याच्यासमोर चिन्ह असतं. कुणाच्या तरी कोडमध्ये -> किंवा :: दिसलं, याचा अर्थ काय, हा त्याचा प्रश्न. स्फिंक्सचा शोध मजकूर शब्दांमध्ये तोडतो आणि चिन्हं वाटेतच गळतात. पायथनच्या डॉक्सनी यावर जो मार्ग काढला आहे तोच आम्ही उचलला: प्रत्येक ऑपरेटरच्या व्याख्येपाशी इंडेक्सची नोंद करायची, म्हणजे इंडेक्सच्या पानावर चिन्हांचा वेगळा गट तयार होतो. शिवाय आम्ही सगळ्या चिन्हांचं एक पान केलं: चिन्ह, त्याला तोंडी काय म्हणतात आणि पुढे व्याख्येचा दुवा. शिकणाऱ्यांना ते पान मनापासून आवडलंय. ते प्रत्येक भाषेनं करावं असं मला वाटतं, साधन कोणतंही असो.

आवृत्त्यांच्या नोंदींसाठी स्फिंक्सला तोड नाही. नवीन आलं, बदललं, कालबाह्य झालं, असे तीन डिरेक्टिव्ह पूर्वीपासून होतेच, 7.3 पासून ‘काढून टाकलं’ हाही आला. त्या त्या फंक्शनखाली ओळ लिहायची, आणि ‘चेंजेस’ नावाचा बिल्डर एका आवृत्तीतल्या सगळ्या नोंदी एकत्र काढून देतो. अडचण इतकीच की पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) लिहिताना ती कोणत्या आवृत्तीत जाईल हे बऱ्याचदा ठरलेलं नसतं. पायथनच्या लोकांनी आकड्याऐवजी ‘नेक्स्ट’ लिहायची पद्धत सुरू केली आहे. रिलीज करताना एक स्क्रिप्ट त्या जागी खरा आकडा भरते. आम्ही तशीच स्क्रिप्ट लिहिली आणि चुकीच्या आवृत्तीचे आकडे येणं बंद झालं.

उदाहरणं चालवून बघण्याची स्फिंक्सची सोय फक्त पायथनपुरती आहे. इथे रस्ट भाषेचं रस्टडॉक हे डॉक्युमेंटेशनचं साधन फार पुढे आहे: डॉक कॉमेंटमधलं उदाहरण टेस्टसोबत आपोआप कंपाइल होऊन चालतं, आणि ‘हे कंपाइल होताच कामा नये’ असंही सांगता येतं. भाषेच्या नियमांबद्दल लिहिताना ही दुसरी सोय सोन्यासारखी आहे, कारण टाइपचा नियम समजावताना नाकारला जाणारा कोड दाखवावाच लागतो. आम्ही उदाहरणं वेगळ्या फाइलींत ठेवतो, त्या सीआयमध्ये चालवतो आणि ‘लिटरलइन्क्लूड’ या डिरेक्टिव्हनं पानात ओढतो. ओढताना ओळींचे क्रमांक देऊ नका. वर एक ओळ वाढली की अर्धवट तुकडा छापला जातो. फाइलमध्येच सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेच्या कॉमेंट ठेवा. तुमचं बहुतेक डॉक्युमेंटेशन सोर्समधल्या कॉमेंटमध्येच राहणार असेल आणि भाषा पायथन नसेल, तर मी स्फिंक्स सुचवणार नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बाहेरचे दुवे तपासणारा ‘लिंकचेक’ उपयोगी आहे, पण तो प्रत्येक पुल रिक्वेस्टवर लावू नका. काही साइट अशा तपासणीला नकार देतात आणि नवख्या माणसाचा बिल्ड विनाकारण लाल होतो. आठवड्यातून एकदा पुरे. नुसता बदललेला भाग बिल्ड केला की बाजूची अनुक्रमणिका इतर पानांवर जुनीच राहू शकते, म्हणून रिलीजच्या वेळी सगळं पुसून पुन्हा बिल्ड करा. भाषांतर गेटटेक्स्टच्या (भाषांतरासाठीचं प्रचलित साधन) मार्गानं परिच्छेदागणिक होतं. पद्धत चांगली आहे, पण मूळ परिच्छेदात स्वल्पविराम जरी बदलला तरी तिथलं भाषांतर संशयित ठरतं आणि वाचकाला मूळ भाषेतला मजकूर दिसतो. भाषांतर करणाऱ्यांच्या कष्टाचा मान ठेवायचा तर शैलीचे किरकोळ बदल साठवून एकदमच करावेत.

साधनाच्या बाहेरचं एक काम मात्र राहतंच: जे लिहिलंच गेलं नाही ते स्फिंक्सला कसं कळणार? त्यासाठी आम्ही केलेली सोय मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते. एचटीएमएल बिल्डसोबत स्फिंक्स एक इन्व्हेंटरी फाइल तयार करतं, इतर प्रकल्पांना आपल्या पानांवर दुवे देता यावेत म्हणून. त्यात रेफरन्समधलं प्रत्येक जाहीर केलेलं नाव असतं, आणि असे दुवे जोडणारं इंटरस्फिंक्स मॉड्यूल थेट चालवलं की ती यादी वाचता येईल अशी छापून मिळते. दुसरीकडून आम्ही कंपायलरकडून स्टँडर्ड लायब्ररीतल्या सगळ्या सार्वजनिक नावांची यादी काढतो आणि दोन्ही समोरासमोर ठेवतो. कोडमध्ये आहे पण रेफरन्समध्ये नाही, असं नाव सापडलं तर ते लिहायचं राहिलंय; रेफरन्समध्ये आहे पण कोडमध्ये नाही, तर ते काढायचं राहिलंय. ही तपासणी पहिल्यांदा चालवली तेव्हा दोन्ही बाजूंना नावं निघाली, आणि काढून टाकलेल्या फंक्शनची पानं वाचून लोक अडखळत होते हे तेव्हा कळलं. रिलीजच्या शाखेवर ही तपासणी सक्तीची आहे. मुख्य शाखेवर ती फक्त इशारा देते, कारण तिथे प्रयोगात असलेल्या गोष्टींची नावं रोज बदलतात आणि त्यापायी कोड लिहिणाऱ्याला अडवून धरणं बरोबर नाही.