शोधपत्रकार आणि संकटातलं घर: पाच कादंबऱ्यांपैकी आधी कोणती घ्यावी?

रहस्यकादंबरीच्या मागच्या कव्हरवर 'पत्रकार', 'बेपत्ता', 'कुटुंब' हे तीन शब्द दिसले की सगळी पुस्तकं सारखीच वाटायला लागतात. निवडताना एवढंच बघा: बातमीचा आणि घरावरच्या संकटाचा एकमेकांशी संबंध काय? तो जितका घट्ट, तितकी कादंबरी पकड घेते. या एका कसोटीवर मायकल कॉनेली यांची 'द पोएट' (1996) बाकीच्या चौघींच्या पुढे आहे.

जॅक मॅकएव्हॉय हा डेन्व्हरच्या 'रॉकी माउंटन न्यूज'चा क्राइम रिपोर्टर. त्याचा जुळा भाऊ शॉन खुनांचा तपास करणारा पोलीस. तो गाडीत गोळी लागून मेलेला सापडतो. पुढच्या काचेवर आतून साचलेल्या वाफेत एक ओळ लिहिलेली असते, आणि पोलीस आत्महत्या म्हणून फाइल बंद करतात. जॅक पोलिसांच्या आत्महत्यांवर लेख लिहायला घेतो, त्यासाठी जुनी कात्रणं मागवतो, आणि ती ओळ एडगर ॲलन पो या अमेरिकन कवी-लेखकाची असल्याचं त्याच्या लक्षात येतं. दुसऱ्या शहरातल्या अशाच एका मेलेल्या पोलिसाच्या चिठ्ठीतही पोची ओळ सापडते तेव्हा प्रकरण एफबीआयपर्यंत जातं. इथून पुढे जॅक बातमी रोखून धरायला तयार होतो, पण बदल्यात तपासात जागा मागतो. सोर्सशी होणारी ही देवाणघेवाण इतकी खरी उतरली आहे, कारण कॉनेली स्वतः 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये क्राइम रिपोर्टर होते. शेवटाकडे वळणं जरा जास्त होतात. मुलांवरच्या अत्याचाराचे संदर्भही आहेत, ते झेपणार नसतील तर हे पुस्तक नकोच. आणखी एक काळजी घ्या: त्यांचीच 'द नॅरोज' (2004) चुकूनही आधी उघडू नका, 'पोएट' म्हणजे खुनी कोण ते त्यात सुरुवातीलाच कळतं. जॅकचा क्रम 'द पोएट', मग 'द स्केअरक्रो' (2009), मग 'फेअर वॉर्निंग' (2020).

स्टीग लार्सन यांची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' (मूळ स्वीडिश 2005, इंग्रजी 2008) सगळ्यांत गाजलेली, पण इथलं कुटुंब पत्रकाराचं नाही. बदनामीचा खटला हरलेला पत्रकार मिकाएल ब्लोमक्विस्ट, 1966 साली नाहीशी झालेल्या हॅरिएट वांगरचा शोध घ्यायला तिच्या श्रीमंत घराण्याच्या बेटावर जातो. त्याच्या जिवावर बेततं, पण स्वतःच्या घराची धास्ती जवळजवळ नाहीच. तरी पत्रकाराचं काम बघायचं असेल तर हीच घ्या. स्थानिक वृत्तपत्राच्या संग्रहातल्या मिरवणुकीच्या जुन्या निगेटिव्ह तो एकामागून एक लावून बघतो. हॅरिएटची नजर रस्त्यापलीकडे कशावर तरी खिळलेली दिसते. मग तिच्या मागे कॅमेरा घेऊन उभी असलेली अनोळखी बाई त्याला दिसते, आणि तिच्या फोटोत समोरची बाजू आली असेल म्हणून तो त्या बाईच्या शोधात निघतो. हे सगळं तो कागदपत्रं आणि चिकाटीच्या जोरावर करतो.

अडचण सुरुवातीची आहे. पाचशेहून जास्त पानं, त्यात पहिला मोठा भाग उद्योगसमूहांच्या हिशेबांचा, आणि वांगर घराण्याची नावं एकमेकांत मिसळतात. बरेच लोक इथेच पुस्तक सोडतात. सुरुवातीच्या वंशावळीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, किंडलवर मागे जाऊन शोधणं वैतागवाणं होतं. लैंगिक अत्याचाराचे प्रसंग उघड आणि लांब आहेत.

लोकलमध्ये वाचणार असाल तर लिनवूड बार्क्ले यांची 'नेव्हर लुक अवे' (2010) सोयीची. ठाणे-वाशी अर्ध्या तासात कथा चांगली पुढे सरकते, भाषा सोपी आहे. खासगी तुरुंगाच्या कंपनीमागे लागलेला पत्रकार डेव्हिड हारवुड बायको आणि चार वर्षांच्या मुलासह मनोरंजन उद्यानात जातो, बायको नाहीशी होते आणि पोलिसांचा संशय त्याच्यावरच येतो. बातमी लिहिणारा स्वतःच बातमी होतो, ही कल्पना जोरदार आहे. पत्रकारितेचा धागा मात्र नंतर पातळ होत जातो. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड वाचून वाढलेल्यांना हाच वेग जवळचा वाटेल.

गिलियन फ्लिन यांची 'शार्प ऑब्जेक्ट्स' (2006) सगळ्यांत छोटी आणि सगळ्यांत जड. शिकागोची वार्ताहर कमिल दोन मुलींच्या प्रकरणाची बातमी करायला मिझुरीतल्या आपल्या गावी, आईच्या घरी उतरते, आणि त्या घरात तिला श्वास घेणं कठीण होतं. ही गर्दीत तुकड्यातुकड्यांनी वाचू नका, रविवारी घरी बसून वाचा. स्वतःला इजा करून घेण्याचे तपशील ज्यांना त्रास देतील त्यांनी टाळावी. 2018 ची आठ भागांची मालिका पुस्तकानंतरच बघा.

नोकरी आणि मुलं या ओढाताणीवर वाचायचं असेल तर लिझा मार्क्लुंड यांची 'द बॉम्बर' (मूळ स्वीडिश 1998). ऑलिंपिकच्या स्टेडियममध्ये स्फोट होतो तेव्हा नाताळ तोंडावर आलेला असतो, आणि क्राइम डेस्क सांभाळणाऱ्या अनिका बेंगट्झोनला घरी दोन मुलं आणि कुरकुरणारा नवरा. मालिकेत ही आधी प्रसिद्ध झाली, तरी अनिकाच्या आयुष्यात 'स्टुडिओ सेक्स' (1999) मधल्या घटना आधीच्या. वाचायला मात्र 'द बॉम्बर'पासूनच सुरुवात करा, नवरा-बायकोतला ताण इथे जास्त नीट समजतो.