निळ्या स्टिकरचं झेरॉक्स मशीन: स्टिकरचे जादा पैसे द्यावेत का?

ठाण्यात कोर्टनाक्याला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. वागळे इस्टेटमधल्या एका डीलरकडून युरोपातून आलेलं रिफर्बिश्ड मशीन घेतलं. ब्लॅक अँड व्हाइट, ए-थ्री, स्कॅनरसकट. कॉपी झकास येते, नोटरीचा फिका शिक्कासुद्धा उठतो. वरचा फीडर जुने, पिना काढलेले कागद दोन-दोन ओढतो, पण तेवढं चालायचंच. मला लिहायचंय ते त्याच्यावरच्या एनर्जी स्टारच्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या यंत्राच्या लेबलच्या, निळ्या स्टिकरबद्दल. डीलरने त्यावर बोट ठेवून दोन हजार जास्त लावले होते. "मॅडम, लाइट बिल निम्मं येईल."

निम्मं सोडा, फरकच दिसेना. कमर्शियल मीटर आहे, त्यामुळे बिल बघितल्याशिवाय राहवत नाही. शेवटी भावाकडचा प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला. मशीन नुसतं उभं, समोर गिऱ्हाईक नाही, तरी आकडा मधूनच हजाराच्या घरात उडी मारायचा आणि पुन्हा खाली यायचा. टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा आतला रोलर, म्हणजे फ्यूजर, सतत गरम ठेवला जात होता. सरासरी काढली तर दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत युनिटभर वीज फक्त वाट बघण्यात जात होती.

मेनूत शिरल्यावर कळलं, स्लीप, म्हणजे काम नसताना किती वेळाने मशीन आपोआप झोपणार ते, चार तासांवर. चार तास मशीनला कोण मोकळं सोडतंय? डीलरच्या टेक्निशियनला फोन केला तर तो बिनधास्त म्हणाला, "आम्ही सगळ्यांचं तसंच करून देतो. गरम व्हायला वेळ लागला की कस्टमर ओरडतो." म्हणजे ज्या गुणाचे दोन हजार घेतले, तोच गुण बंद करून मशीन माझ्या हातात दिलं!

लेबलचा सगळा डोलारा या स्लीपवरच उभा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टार सुरू केलं ते कॉम्प्युटर आणि मॉनिटरपासून. प्रिंटर, कॉपियर नंतर आले. लेसर मशीनची परीक्षा आठवड्यावर होते: कामाचे पाच दिवस, सुट्टीचे दोन, ठरावीक पानं छापायची आणि एकूण किती युनिट लागली ते मोजायचं. मशीन किती मिनिटांनी झोपणार हे कंपनीने कारखान्यातूनच लावून द्यायचं असतं. ते कोणी बदललं की परीक्षेतला आकडा तुमच्या दुकानाला लागू नाही.

मग युरोपातल्या मशीनवर अमेरिकेचं लेबल कसं? जपान १९९५ मध्येच ऑफिसच्या यंत्रांसाठी या योजनेत आला होता. युरोपीय संघाने २००० च्या डिसेंबरात अमेरिकेशी करार केला, तोही फक्त ऑफिस इक्विपमेंटपुरता. कंपन्या तेच मॉडेल जगभर विकतात, तर प्रत्येक देशात वेगळी चाचणी कशाला, असा सरळ हिशोब. मला हे पटतं. पण पुढे गाडी दोन रुळांवर गेली. २०१० मध्ये अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी खोटी उत्पादनं नोंदवून बघितली, त्यात पेट्रोलवर चालणारं गजराचं घड्याळसुद्धा पास झालं! त्यानंतर अमेरिकेत बाहेरच्या प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली, युरोपात मात्र कंपनीने स्वतः जाहीर केलेलं चालत राहिलं. २०१८ च्या फेब्रुवारीत करार संपला, पुढे वाढवला नाही. त्यामुळे युरोपातून आलेल्या जुन्या मशीनवरचा स्टिकर त्या काळाच्या निकषांचा, हे धरून चला.

आपल्याकडे काय? गोखले रोडवर नवीन मशीन बघताना तारे विचारले, तर दुकानदार हसला. "तारे एसीला असतात, ताई." त्याचंही चूक नाही. बीईई, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्टार योजना २००६ ची, फ्रिज-एसीला सक्तीची, पण प्रिंटर-कॉपियरला ऐच्छिक. माझ्यासारख्या छोट्या दुकानांतच ही यंत्रं दिवसभर तापत असतात आणि आम्हालाच तुलना करायला काही नाही, हा माझा खरा राग.

आता स्लीप दहा मिनिटांवर आहे. झोपलं की मीटर दोन वॅटच्या आत. कोर्ट उघडायच्या वेळी वकिलांच्या कारकुनांची रांग असते, तेव्हा ते झोपतच नाही. दुपारी झोपतं, आणि उठायला अर्धं मिनिट घेतं. तेवढ्यात गिऱ्हाईक सुट्टे पैसे शोधतं. बिल उतरलं, निम्मं नाही, पण जाणवण्याइतकं. दोन्ही बाजूंनी छापायची सोय वेगवान मशीनला हे लेबल मागतं, माझ्याकडे ती आहेही. वकील मंडळी एकाच बाजूला मागतात, त्यामुळे ती पडून.

मशीन घ्या. घेताना डीलरला तिथेच प्लग लावायला सांगा, चहा होईपर्यंत थांबा आणि ते खरंच झोपतंय का बघा. स्टिकरचे दोन हजार मागितले, तर तेवढ्यात नवीन ड्रम, म्हणजे कागदावर छाप उमटवणारा आतला रोलर, टाकून मागा.