पक्का दात येईना: थांबायचं, फोटो काढायचा, की दुधाची दाढच सांभाळायची?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक आणि नणंदेचा मुलगा दोघंही एकाच आठवड्यात डेंटिस्टच्या खुर्चीत बसले. तिचं वय साडेनऊ, त्याचं अकरा, आणि दोघांच्याही जबड्यात पक्के दात कमी निघाले, तिचा खाली डावीकडचा एक आणि त्याचे वरचे दोन. आता गंमत अशी की दोघांचे इलाज एकदम उलटे ठरले. तिला सांगितलं दुधाची दाढ जिवापाड सांभाळा, त्याला सांगितलं दुधाचे दात काढून जागा बंद करूया. तेव्हापासून आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या ओळखीच्या आया मला गाठून विचारतात की आमच्या पोराचं काय करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, पण तीन दवाखाने आणि एक कॉलेज फिरलेली आई आहे.

पहिला प्रश्न नेहमी हाच, थांबायचं का फोटो, म्हणजे एक्सरे, काढायचा. आमच्या सासूबाई थांबायच्या पार्टीतल्या. "हिच्या बापाचं सगळं उशिराच आलंय, दात पण आणि लग्नाचा योग पण," असं त्या माझ्या नवऱ्यासमोरच म्हणाल्या. हसण्यावारी नेलं, पण त्यांचं अर्धं खरं होतं. उशिरा दात येणं घराण्यात असतं आणि सहा महिने, कधी वर्षभर मागेपुढे झालं तर ते नॉर्मलच धरतात. पण दात मुळातच नसणं हेसुद्धा घराण्यात असतं बघा, आणि नंतर खोदून विचारल्यावर त्याच म्हणाल्या की त्यांच्या धाकट्या बहिणीची एक दुधाची दाढ पन्नाशीपर्यंत पडलीच नव्हती. म्हणजे ते बारकं दातासारखं दिसायचं ते काय होतं याचा उलगडा आत्ता झाला.

साधारण हिशोब असा की खालचे पुढचे दोन आणि पहिल्या पक्क्या दाढा ६-७ वर्षाला, वरचे मधले दोन ७-८ ला, त्यांच्या शेजारचे (डॉक्टर लोक त्यांना दोन नंबर म्हणतात) ८-९ ला, उपदाढा (दुधाच्या दाढांच्या जागी येतात त्या) १० ते १२ च्या मध्ये आणि दुधाच्या दातांच्या जागी येणाऱ्यांत वरचा सुळा बहुतेक शेवटी, ११-१२ ला. पोरींचे जरा लवकर. पहिला दुधाचा दातच वर्ष उलटून गेल्यावर आलेला असेल आणि आता दोन्ही बाजूला सारखाच उशीर होत असेल, आणि येण्याचा क्रम बरोबर असेल, तर खुशाल थांबा, काही बिघडत नाही.

थांबायचं नाही ते कधी, तर एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा पत्ता नाही तेव्हा. किंवा वरचे दोन नंबर आधी आले आणि मधला एक अजून हिरडीतच, तेव्हा बऱ्याचदा वर एखादा जादा बारका दात आडवा बसलेला असतो आणि तो काढल्याशिवाय मधला उतरत नाही. लहानपणी तोंडावर पडून दाताला मार लागला असेल तरी वाट बघत बसू नका. आणि वरच्या सुळ्याचं एक घरी बघता येतं. दहाव्या वर्षाच्या आसपास पोराच्या दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूच्या हिरडीवरून बोट फिरवायचं, तिथं टेंगूळ लागलं पाहिजे. एका बाजूला लागतंय आणि दुसऱ्या बाजूला सपाट, तर सुळा टाळूकडं वळलेला असू शकतो, आणि तो वेळेत कळला तर कधी कधी नुसता दुधाचा सुळा काढूनसुद्धा आतला वाटेवर येतो. हे चौदाव्या वर्षी कळलं तर मग हिरडी उघडून साखळी लावून ओढून आणायचं काम, खर्च वेगळा आणि पोराचे हाल वेगळे.

कॅल्शियमच्या सिरपचं पण सांगते कारण प्रत्येक जण तेच पाजत असतो. दाताचा अंकुरच नसेल तर सिरपने तो उगवत नाही. थायरॉईड कमी असणं किंवा ड जीवनसत्त्वाची फार कमतरता याने दात उशिरा येतात, पण तिथं नुसते दात नाही, पोराची वाढच मागे असते, आणि तो विषय बालरोगतज्ज्ञांचा. तसंच बरेच दात नाहीत, केस विरळ, घाम येत नाही, उन्हात पोर तापतं, असं एकत्र दिसलं तर आधी तिकडंच जा.

फोटोचं म्हणाल तर दोन प्रकार. एक छोटा, तोंडात सेन्सर धरून एका-दोन दातांचा, आणि दुसरा ओपीजी, म्हणजे मशीन डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एकाच फिल्मवर येतात. नेमका कुठला दात नाही आणि अजून कुठला नाही हे बघायचं तर ओपीजीच बरा, छोट्या फोटोत फक्त जिथं बोट दाखवलं तेवढंच दिसतं. रेडिएशनची भीती मलाही होती, पण डिजिटल ओपीजीचं रेडिएशन आपल्याला जमिनीतून-आकाशातून रोज जे मिळतं त्याच्या काही दिवसांएवढं असतं. फक्त उगाच दर सहा महिन्याला काढू नका. आणि फार लवकर पण काढू नका, कारण खालची दुसरी उपदाढ, पाच नंबर, ही मुळात उशिरा तयार होते. सहाव्या-सातव्या वर्षीच्या फोटोत ती नाही दिसली म्हणून "नाहीच" म्हणणं घाईचं, नवव्या वर्षी दिसल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून आम्हालासुद्धा वर्षाने परत एकदा बघायला सांगितलंय.

आमची फिल्म मी शाहूपुरीतल्या एक्सरे सेंटरच्या दारातच उन्हाकडं धरून बघितली. भुईमूग उपटल्यावर मातीत शेंगा कशा लटकलेल्या दिसतात ना, तसे दुधाच्या दातांच्या खाली पक्के दात रांगेनं टांगलेले. उजवीकडच्या दुधाच्या दाढेची मुळं अर्धी विरघळलेली आणि तिच्या पोटात पाच नंबर बसलेला. डावीकडच्या दाढेची मुळं मात्र लांबच्या लांब, टोकदार, आणि त्यांच्या मध्ये काहीच नाही, नुसतं करडं हाड. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला कळलं.

आता खरा निर्णय इथून पुढं, आणि इथंच लोक घाईत चुकतात. पहिल्या एका दवाखान्यात मला सांगितलं की ही दाढ काढून टाकू आणि शेजारचे दोन दात घासून ब्रिज, म्हणजे त्या दोघांच्या आधारावर खोटा दात, बसवू. साडेनऊ वर्षाच्या पोरीचे दोन चांगले दात घासायचे! मी बाहेर आले ती परत गेले नाही. पुढच्या दोन ठिकाणी विचारलं तर दोघांनीही कपाळाला हात लावला, कारण या वयात दाताच्या आतली नस मोठी असते, घासताना तिलाच धक्का बसायचा.

दाढ ठेवायची बाजू अशी. मुळं शाबूत असतील, दाढ किडलेली नसेल आणि जबड्यात दातांची गर्दी नसेल तर दुधाची ती शेवटची दाढ वीस, तीस, चाळीस वर्षंसुद्धा काम करते. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत टिकली तर पुढं बराच काळ टिकायची शक्यता चांगली असते. हाड शाबूत राहतं, जागा राखली जाते, खर्च जवळपास नाही. अडचण एवढीच की ती कधी कधी हाडाला चिकटते आणि मग शेजारचे दात वर वाढत जातात, ही मात्र तिथंच राहते, पायरीसारखी खाली दिसायला लागते. थोडी बसली तर वर सिमेंट चढवून उंची देतात, फार बसली आणि शेजारचे दात तिच्यावर कलायला लागले तर काढावीच लागते. म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं, यात कंटाळा करून चालत नाही. शिवाय दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं, कीड पटकन आत जाते. माझी लेक गुऱ्हाळावरचा गुळाचा खडा गालात धरून बसणारी, तिला आता गूळ खाल्ला की चूळ आणि रात्रीचा ब्रश मी समोर उभी राहून करून घेते.

दाढ काढून जागा बंद करायची बाजू पण वाईट नाही, फक्त ती वेगळ्या तोंडासाठी आहे. जबडा लहान, दात एकावर एक चढलेले, पुढं जाऊन तारा लावायच्याच आहेत आणि त्यासाठी कुठला तरी दात काढायचाच आहे, तर मग नसलेल्या दाताची जागाच वापरली की झालं. आठ-नऊ-दहाच्या वयात काढली तर मागची दाढ बरीचशी आपण होऊन पुढं सरकते, उशीर केला की सगळं काम तारांना करावं लागतं. फायदा हा की आयुष्यभर कुठलाही खोटा दात नाही. पण एकदा काढली की परत लावता येत नाही, म्हणून तारावाल्या डॉक्टरांनी, म्हणजे ऑर्थोवाल्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

भाच्याचं प्रकरण पुढच्या दातांचं, त्यामुळं तिथं दिसण्याचा प्रश्न. वरचे दोन्ही दोन नंबर नाहीत. एक पर्याय होता जागा उघडी ठेवून तिथं दात बसवायचा. वाढत्या वयात इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात, चालत नाही, कारण स्क्रू हाडात घट्ट राहतो आणि बाकीचे दात जबड्याबरोबर खाली उतरत जातात, मग चार-पाच वर्षात तो एकटाच वर राहिलेला दिसतो. पोरींना १७-१८ आणि पोरांना २०-२१ तरी व्हावं लागतं, पुढच्या दाताला त्याहूनही थांबा म्हणतात. तोपर्यंत काढघाल प्लेटवरचा दात नाहीतर शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला मेरीलँड ब्रिज, ज्यात दात घासावे लागत नाहीत पण कधी कणीस खाताना सुटतो. दुसरा पर्याय, सुळाच पुढं ओढून दोन नंबरच्या जागी बसवायचा आणि टोक घासून, कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं सिमेंट) लावून त्याला दोन नंबरसारखा करायचा. सुळा जरा जाड आणि पिवळा असतो, ते झाकावं लागतं. भाच्याचे वरचे दात आधीच पुढं होते आणि सुळे आपणहून पुढं उतरत होते, म्हणून हा दुसरा पर्याय घेतला. ज्याचे दात आत आहेत आणि जबड्यात जागा भरपूर, त्याला पहिला. नणंदेला आधी वाटलं की वाघासारखे दात दिसतील, पण ऑर्थोवाल्यांनी त्यांच्या लॅपटॉपवर झालेल्या केसचे फोटो दाखवले तेव्हा तिलाही फरक ओळखता आला नाही.

दात परत उगवायच्या औषधाबद्दल पण व्हॉट्सअॅपवर फिरतंय. जपानमध्ये २०२४ ला क्योटोत माणसांवर चाचणी सुरू झाली हे खरं आहे, पण ती मोठ्या पुरुषांवर, औषध सुरक्षित आहे का एवढंच बघायला. आपल्या पोरांचा निर्णय त्याच्यावर टांगून ठेवू नका.

कुठं जायचं म्हणाल तर राजारामपुरीत नाहीतर ताराबाई पार्कात दर गल्लीला दवाखाना आहे, वेळ वाचतो, पण पोरांचे दात बघणारा आणि तारावाला असे दोघं एकाच वेळी बघतील असं क्वचित. नवे पारगावच्या डेंटल कॉलेजात किंवा सांगलीला गेलं की दोन्ही विभाग एकाच इमारतीत, फी बरीच कमी, पण अर्धा दिवस मोडतो आणि बघणारे शिकाऊ डॉक्टर बॅच संपली की बदलतात, तारांची केस दोन वर्षं चालते तेव्हा हे लक्षात घ्या. आम्ही निर्णय कॉलेजात घेतला आणि सहामाही तपासणी जवळच्या दवाखान्यात करतो. तिथं जाताना फिल्म न्यावी लागते, म्हणून ती सेंटरवर विसरू नका आणि मोबाईलमध्ये पण फोटो काढून ठेवा. आमची रेशनकार्डाच्या फाइलीत आहे, दिवाळीला दुसरी काढली की दोन्ही शेजारी धरून बघायच्या आहेत.