खुनी सापडतो, तरी समाधान होत नाही: ‘पालोमिनो मोलेरोला कोणी मारले?’

पेरूचे कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा यांची ही कादंबरी मूळ स्पॅनिशमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी आल्फ्रेड मॅकॲडम यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद आला. गेल्या महिन्यात आमच्या वाचनगटाने हा अनुवाद वाचायला घेतला होता. पुस्तक जेमतेम दीडशे पानांचे असल्यामुळे एरवी अर्धेमुर्धे वाचून येणारी मंडळीही या वेळी पूर्ण वाचून आली होती, आणि तरीही एकाच पुस्तकाविषयी इतकी परस्परविरोधी मते मी आमच्या गटात क्वचितच ऐकली आहेत. त्या मतभेदांविषयी लिहायचे तर रहस्य उघड करावेच लागेल, म्हणून ज्यांना कादंबरी कोऱ्या मनाने वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावे आणि पुस्तक संपवून परत यावे.

कथा घडते ती पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील तालारा या तेलाच्या गावात, १९५४ साली, म्हणजे जनरल ओद्रिया यांच्या लष्करी राजवटीत. एका बाजूला परदेशी तेल कंपनीच्या अधिकाऱ्यांची कुंपणाआडची वसाहत, दुसऱ्या बाजूला हवाई दलाचा तळ आणि या दोहोंच्या मध्ये कोळी व मजुरांची वस्ती, अशी गावाची रचना आहे. शेळ्या चारणाऱ्या एका मुलाला गावाबाहेरच्या माळावर झाडाला टांगलेले एका तरुणाचे प्रेत दिसते. अतोनात हाल करून मारलेला हा तरुण म्हणजे हवाई दलातला साधा शिपाई पालोमिनो मोलेरो. तो गिटारवर बोलेरो, म्हणजे संथ लयीतली प्रेमगीते, गात असे, आणि विधवेचा एकुलता एक मुलगा म्हणून सक्तीच्या लष्करी सेवेतून त्याला सूट असतानाही तो स्वतःहून भरती झाला होता. तपास करणारे दोघे म्हणजे मुलकी पोलिसांचे लेफ्टनंट सिल्वा आणि त्यांचा हाताखालचा शिपाई लितुमा. त्यांच्या ठाण्याला स्वतःचे वाहनसुद्धा नाही, त्यामुळे गावातल्या एकुलत्या एक टॅक्सीवाल्याची मनधरणी करून ते फिरतात. तळाच्या फाटकाच्या आत त्यांचा अधिकार चालत नाही. आत कर्नल मिंद्रो यांचा शब्द हाच कायदा आहे, आणि मृत शिपायाच्या सोबत्यांना प्रश्न विचारण्याची परवानगीसुद्धा ते देत नाहीत.

गटातल्या रहस्यकथांच्या एका जुन्या वाचक बाईंची तक्रार सरळ होती. अर्धे पुस्तक होण्याआधीच खुनी कोण याचा अंदाज येतो, मग पुढे वाचायचे कशासाठी? कर्नलची मुलगी अलिसिया आणि हा सावळा, गरीब घरातला शिपाई यांचे प्रेम होते, हे कळल्यावर फारसे काही गुपित उरत नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. वाचकाला चकवण्याचा खटाटोप लेखकाने केलेलाच नाही. मात्र ‘कोणी मारले’ हे कळल्यावर पुस्तकातला ताण संपतो, हे मला पटत नाही. आमोतापे या खेड्यात दोन्या लुपे (‘दोन्या’ म्हणजे बाईंच्या नावाआधी लावायचे आदरार्थी संबोधन) नावाच्या बाईकडे सिल्वा चौकशीला जातात, तो प्रसंग मी तीनदा वाचला. पळून आलेली ती दोन पोरे लग्न लावून घेण्यासाठी पाद्र्याची वाट पाहत तिच्याकडे उतरली होती आणि तिथूनच दोन माणसांनी येऊन पालोमिनोला नेले. बाई भीतीने गारठलेली आहे. सिल्वा तिच्यावर आवाज चढवत नाहीत, घाई करत नाहीत, तिने पुढे ठेवलेले खात खात एकेक प्रश्न असा विचारतात की उत्तर त्यांना आधीच ठाऊक आहे असे तिला वाटावे, आणि बाजूला बसलेल्या लितुमाच्या घशाखाली घास उतरत नाही. गुन्हेगार कोण हे वाचकाला इथे जवळजवळ कळलेले असते, तरीही पान उलटताना हात जड होतो.

आमच्यातले एक काका हवाई दलातून निवृत्त झालेले आहेत. त्यांचे मत सर्वांत तोलून मापून दिलेले होते, म्हणून ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांना या पुस्तकात तळ दिसलाच नाही. कवायत, हजेरी, धावपट्टीवरची कामे, मेसमधली बोलणी यांपैकी काहीच नाही, तेव्हा याला लष्करी कादंबरी का म्हणावे, असा त्यांचा प्रश्न होता. पण पहिल्या भेटीत कर्नल मिंद्रो सिल्वांना ज्या थंड, तुटक स्वरात बोलतात आणि आपला गणवेश वेगळ्या दर्जाचा आहे हे एकही शब्द न उच्चारता जाणवून देतात, ते वाचताना आपल्याला अवघडल्यासारखे झाले, असेही त्यांनीच सांगितले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कथा लितुमाच्या नजरेतून सांगितलेली आहे आणि लितुमाला तळाच्या आत मोकळेपणाने वावरता येत नाही, त्यामुळे वाचकही फाटकाबाहेरच उभा राहतो. मला ही उणीव वाटली नाही, उलट बंद संस्थेचे वजन यामुळेच अंगावर येते. योसा स्वतः लिमालगतच्या एका लष्करी विद्यालयात शिकले होते आणि त्या विद्यालयावर त्यांची १९६३ सालची पहिली कादंबरी बेतलेली आहे. त्यामुळे आतले जग त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही, इथे त्यांनी जाणूनबुजून दार बंद ठेवले आहे.

सर्वांत तीव्र आक्षेप गटातल्या दोन तरुण मुलींनी घेतला, आणि तिथे मी त्यांच्या बाजूचा आहे. लेफ्टनंट सिल्वा खानावळ चालवणाऱ्या, विवाहित, स्थूल दोन्या आद्रियानावर लट्टू असतात, समुद्रावर आंघोळ करणाऱ्या त्या बाईला दुर्बिणीतून न्याहाळतात आणि तिचा नवरा मासेमारीला गेलेला असताना एका रात्री पिस्तूल घेऊन तिच्या घरात शिरतात. ती न घाबरता त्यांनाच अशी लाजवते की साहेबांना पळ काढावा लागतो. प्रसंग रंगतदार लिहिला आहे आणि जिंकते ती बाईच, हे खरे. तरीही प्रामाणिक, हुशार तपास अधिकारी म्हणून ज्याच्यावर आपण विश्वास ठेवायचा, त्याचा हा बलात्काराचा प्रयत्न लेखक हसण्यावारी नेतो, आणि त्यामुळे मूळ गुन्ह्याविषयीची वाचकाची चीड पातळ होते. काही जणांना हा भाग विरंगुळ्याचा वाटला. मला मात्र तो पुस्तकातला सर्वांत कच्चा भाग वाटतो.

अलिसियाचे प्रकरण याहून गंभीर आहे. वडिलांनी आपल्यावर अत्याचार केल्याचे ती पोलिसांना सांगते. कर्नल म्हणतात की मुलीला भ्रम होतात, डॉक्टरांचे निदानही तसेच आहे. त्यानंतर कर्नल तिला मारून स्वतःवर गोळी झाडतात आणि कोणाचे खरे हे कायमचे अधांतरी राहते. ती मुलगी गोऱ्या कातडीचा तोरा मिरवणारी, थंडपणे बोलणारी अशी रंगवली आहे, त्यामुळे बरेच वाचक नकळत बापाच्या बाजूने झुकतात, आमच्या गटातही तसेच झाले. ही संदिग्धता कलात्मक आहे असे काहींचे म्हणणे होते. मला वाटते, तिच्या तोंडी आणखी चार पाने द्यायला हवी होती. जिचे बोलणे खरे की खोटे यावर सगळी कथा टेकलेली आहे, तिचा मृत्यू वाचकाला फक्त ऐकून कळावा, हे योग्य नाही.

आता शेवट, ज्यावरून सर्वाधिक वाद झाला. प्रकरण उलगडते, सिल्वा अहवाल पाठवतात, आणि तालारातले कोणीही त्यावर विश्वास ठेवत नाही. यामागे तस्करी असणार, इक्वेडोरचे हेर असणार, बड्या धेंडांनी सगळे दडपले असणार, अशी कुजबुज खानावळीत चालू राहते. दोन्ही पोलिसांच्या पदरी बदली पडते आणि लितुमाची रवानगी दूर डोंगराळ भागात होते. ‘एवढे वाचून हाती काय लागले?’ असे आमच्या एका सदस्याने जवळजवळ रागाने विचारले.

इथे एक गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. २६ जानेवारी १९८३ रोजी पेरूच्या आयाकुचो भागातील उचुराकाय या खेड्यात ८ पत्रकारांची हत्या झाली आणि सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे अध्यक्ष योसाच होते. गावकऱ्यांनी पत्रकारांना गनिमी बंडखोर समजून मारले, असा निष्कर्ष समितीने काढला. देशातल्या असंख्य लोकांना तो पटला नाही, यामागे सैन्याचा हात आहे असेच ते म्हणत राहिले आणि योसांवर कठोर टीका झाली. त्यानंतर ३ वर्षांनी ही कादंबरी आली. ते प्रकरण मनात ठेवून शेवटची पाने वाचली, तेव्हा खानावळीतल्या गप्पा मला निव्वळ गावगप्पा वाटल्या नाहीत. ज्या देशात अधिकारी वर्षानुवर्षे खोटे बोलत आले, तिथे क्वचित कोणी खरे सांगितले तरी ते खोट्याच्याच भावाने विकले जाते, ही वेदना त्या पानांत आहे. अर्थात लेखकाने स्वतःच्या बचावासाठी ही कथा रचली, असा संशयही यावरून घेता येतो. एका सदस्याने तो घेतला आणि मला तो पूर्णपणे खोडून काढता आला नाही.

अनुवाद वाचनीय आहे, बोलीतल्या शिव्यांचा मूळचा कस मात्र इंग्रजीत उतरलेला नाही. ज्यांना कोडे सोडवण्याचा आनंद हवा आहे त्यांनी दुसरे पुस्तक निवडावे. इतरांनी हे जरूर वाचावे, शक्य तर एका बैठकीत, आणि पहिल्या ओळीतली लितुमाची शिवी लक्षात ठेवावी. झाडावरचे प्रेत पाहून त्याच्या तोंडून निघालेला तोच शब्द बदलीचा हुकूम हाती पडल्यावर पुन्हा येतो, आणि पुस्तक तिथेच संपते.